चहात भिजवलेली चादर

३ फेब्रुवारी, सोमवार

संपादकांनी आज माझा स्तंभ बंद केला. ‘बंद’ हा शब्द वापरला नाही. म्हणाले, ‘थोडी विश्रांती देऊ.’ मला नव्हे, स्तंभाला. सत्तावीस वर्षं वार्ताहर म्हणून घालवल्यावर एवढं कळतं, की विश्रांतीला गेलेला मजकूर पुन्हा उठून बसत नाही. बातम्या देत राहायच्याच आहेत, पण त्या कोणीही देतं. आठवड्याला आपल्या मनातले चारशे शब्द लिहायची हाताला खोड लागली आहे, ती एकदम कशी सुटणार. म्हणून ही वही. वाचक एक, आणि तोही माझ्या बाजूचा.

घरी आलो तर न्हाणीघराला आतून कडी, दिवा बंद.

‘कोण आहे आत?’

‘मी आहे. दार उघडायला सांगू नका, उजेड येईल.’

‘उजेडाने काय होतं?’

‘कागद बिघडतो.’

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. उजेडावरून हिने मला कधी अडवलं नव्हतं. गेल्या वर्षी शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडल्यापासून हिने मातीकाम केलं, विणकाम केलं, आता हे. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात कालवायचे, कागदाला ब्रशने फासायचे, अंधारात वाळवायचे. मग त्यावर एखादं पान ठेवायचं, वर काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. ऊन लागेल तिथे कागद निळा होतो, पानाखाली पांढरा राहतो. साध्या पाण्यात धुतला की झालं. सायनोटाइप म्हणतात. मी लगेच ‘नीलमुद्रा’ असं बारसं केलं.

ही म्हणाली, ‘छापा म्हणा. जिभेला सोपं.’

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिला चांगला छापा निघाला. नेच्याचं पान. पाण्यात बुडवल्यावर करड्यातून निळं वर आलं आणि पानाची शीर न् शीर पांढरी उमटली. मला बोलायला काही सुचेना, म्हणून म्हणालो, ‘छान आहे. जरा निळं आहे.’

मग कळलं की हे नुसतं हौसेचं नाही. आमच्या रस्त्यामागचा ओढा स्लॅब टाकून झाकायचा आणि वर गाड्या लावायला जागा करायची, असं पालिकेने ठरवलं आहे. ओढ्याकाठी आठ घरं पाणकणसाच्या पात्यांच्या चटया विणून जगतात. ओढा झाकला की पाणकणीस संपलं, आणि चटयाही. दहा मार्चला सुनावणी आहे. हिच्या मनात असं आहे, की ओढ्यात आणि काठाने उगवणाऱ्या चाळीस वनस्पतींचे चाळीस छापे करायचे आणि सुनावणीच्या दालनाबाहेरच्या लांब व्हरांड्यात दोन्ही बाजूंनी लावायचे. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यामधून चालत जावं लागेल.

मी म्हटलं, ‘या ओढ्यावर मी पाच भागांची मालिका लिहिली होती. बारा वर्षं झाली.’

‘आठवतं मला,’ ही म्हणाली, आणि ब्रश धुवायला गेली.

एवढंच. पाच भाग, सातवं पान, आणि ‘आठवतं मला.’

१० फेब्रुवारी, सोमवार

आज दिवाणखान्यात एक गृहस्थ बसलेले. पस्तिशीचे, सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. ओढ्याकाठी गवत उपटताना हिला भेटले म्हणे. ही त्यांना ‘मास्तर’ म्हणते, ते हिला ‘ताई’ म्हणतात. मी मनात त्यांचं नाव पर्णाचार्य ठेवलं आहे.

मला पाहून ताडकन उठले. ‘सर, मी तुमचं... म्हणजे तुम्हीच ना ते...’

‘चहा घेणार का?’ मी विचारलं. लोक मला पाहून असे चाचरले की त्यांना बातमी छापून हवी असते.

मग तासभर दोघं एका लव्हाळ्यावर वाकून बसली होती. त्याची काडी म्हणे तीनधारी असते. हिने ती बोटांत फिरवून पाहिली आणि हसली. माझ्या बोलण्यावर ही तशी कधी हसली होती ते आठवत बसलो. चार तरी प्रसंग आठवले, पण त्यांतले दोन लग्नाआधीचे.

संस्कृत शिकल्याचा एक तोटा असा, की मनात जे वाईट येतं त्याला नेमकं नाव सापडतं. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही ती ईर्ष्या. त्या चांगल्यात खोट शोधायची ती असूया. आणि दोन्ही करून वर ‘मी फक्त खरं बोलतोय’ म्हणायचं, तो मत्सर. सहा रिपूंच्या यादीत त्याला शेवटची जागा आहे. आधीचे पाच वयाबरोबर दमतात. हा पन्नाशीनंतर जोर धरतो.

मी फक्त खरं लिहितो आहे: त्या माणसाचे मोजे दोन वेगवेगळ्या रंगांचे होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

माझे पांढरे शर्ट मी स्वतः धुतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी हिने एक शर्ट नीळ घालून असा काढला होता, की कार्यालयात मला कोणी ओळखेना. तेव्हापासून मी, माझा टब आणि धुण्याचा सोडा. काल हिने कापडावरचा पहिला छापा त्याच टबात धुतला. सोडा अंगाला लागताच निळं गेलं. कापडाला कावीळ झाल्यासारखं फिकट पिवळं काहीतरी उरलं. पर्णाचार्यांनी फोनवर सांगितलं, की या निळ्याला खारं पाणी चालतं, सोडा चालत नाही. म्हणून आजपासून गच्चीवर दोन टब. जिन्याजवळचा माझा, टाकीजवळचा हिचा. माझ्या टबाच्या पाण्याला बोट लागलं तर कळतंच. सोड्याचं पाणी बुळबुळीत असतं.

दुपारी पर्णाचार्य आले, टेबलावर त्यांनी आपली पिशवी ठेवली, माझा कप कलंडला आणि चहा नेमका त्या पिवळ्या कापडावर सांडला. बघता बघता डाग काळपट झाला.

‘अहो, बघा. शाई,’ ही म्हणाली. आनंदाने. माझा चहा गेला याचं कोणाला काही नाही.

मी सांगितलं, की जुन्या पोथ्या लिहिणारे शाई अशीच करत. लोखंडाचा क्षार आणि एखादी तुरट साल. कापडात लोखंड उरलं असणार, चहात तुरटपणा आहे. तिला मषी म्हणत.

‘टॅनिन,’ पर्णाचार्य म्हणाले.

हिने वहीत टॅनिन लिहून घेतलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

छापा फार दिवस उजेडात राहिला तर फिकटतो, अंधारात ठेवला की रंग हळूहळू परत येतो. म्हणून एकवीस तयार छापे माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेले. तिथे माझ्या कात्रणांची फाइल असायची. नाही.

‘फाइल कुठे आहे?’

‘जपून ठेवलीये.’

‘कुठे?’

‘जपून.’

या घरात ‘जपून’ ठेवलेल्या वस्तू पुढे रद्दीवाल्याच्या हातगाडीवर दिसल्या आहेत. माझा पदवीच्या वेळचा कोट असाच जपला गेला. सत्तावीस वर्षं आणि एक कप्पा. तिथे आता घोळ, माका आणि आंबुटी नांदत आहेत. निळ्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

संपादकांचा फोन. मला वाटलं, स्तंभाला जाग आली.

‘तुमच्या मिसेसवर फीचर करू या की. फोटो छान येतील. निळे.’

‘कोण लिहिणार?’

‘तुम्ही नको. जवळचं माणूस असलं की मजकूर सरळ उतरत नाही. नवीन मुलीला पाठवतो.’

मी म्हटलं, बरं. फोन ठेवल्यावर आणखी दोनदा बरं म्हटलं.

संध्याकाळी लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी नोकरी करते आणि तिथून आम्हा दोघांवर लक्ष ठेवते.

‘बाबा, आई म्हणाली तुम्ही हल्ली जेवताना बोलत नाही.’

‘आईच बोलते. लव्हाळ्याबद्दल.’

‘तुम्ही जळताय का?’

‘या वयात? मी फक्त खरं सांगतोय. तो माणूस शिंकतो फार.’

‘जळताय,’ ती म्हणाली, आणि आईला फोन द्यायला सांगितलं.

जेवताना हिने मधेच विचारलं, ‘अहो, तुमचं ते वाक्य होतं ना, ओढ्याचं. शहर पाठ करून बसलं आहे, असं. ‘बसलं आहे’ होतं की ‘बसलंय’?’

‘फाइलीत पाहा,’ मी म्हटलं. ‘जपून ठेवली आहेस ना.’

हिने हातातला घास परत ताटात ठेवला. तिला लागलं असावं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

१ मार्च, शनिवार

छापे एकोणचाळीस झाले. चाळिसावा पाणकणसाचा. तो मुळासकट, माणसाच्या उंचीचा हवा असं हिने धरलं आहे. एवढा कागद मिळेना, म्हणून कापड. आणि कापड म्हणजे आमच्या पलंगावरची पांढरी सुती चादर.

सकाळी दार उघडलं तर पर्णाचार्य माझ्या पलंगावरची चादर दोन हातांनी ताणून उभे, आणि दुसऱ्या टोकाला ही. सुरकुत्या बघत होते.

‘सर, चालेल ना तुम्हाला?’ त्यांनी विचारलं.

‘मी सतरंजीवर झोपीन,’ मी म्हटलं. ते हसले. मी गंमत केली नव्हती.

नंतर दोघं झेरॉक्सच्या दुकानात गेली. वनस्पतिशास्त्राला झेरॉक्स कशाला लागते, हे मी विचारलं नाही. सव्वा तास लागला. घरी आल्यावर हिने एक लांब गुंडाळी पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, ‘हिला हात लावू नका हं.’ मी आता घरातल्या कशालाच हात लावत नाही.

५ मार्च, बुधवार

ओढ्यावर गेलो. कामासाठी, सुनावणीच्या आधी दोन्ही बाजूंची विधानं घ्यायची होती. पालिकेच्या अभियंत्यांनी सांगितलं, ओढा घाण आहे. चटईवालीने सांगितलं, ‘घाण वरून येते, पाणकणीस खालून. दोघांना एकच स्लॅब कशाला?’ बाई पन्नाशीची, कमरेला विळा खोचलेला. वाक्य चांगलं होतं, लिहून घेतलं.

‘तुमच्या मंडळी रोज येतात,’ ती म्हणाली. ‘चिखलात उतरतात. पहिल्या दिवशी म्हटलं, फोटो काढून जाईल. नाही गेली. मला विचारते, हे कशाला वापरता, ते कशाला वापरता. बारा वर्षांमागे एक पेपरवाला आला होता तसाच, काठावर बसून विचारत होता.’

‘तो मीच,’ मी म्हटलं.

तिने मला नीट न्याहाळलं. ‘तेव्हा केस होते,’ ती म्हणाली.

हिच्यासाठी तिने एक उंच पाणकणीस राखून ठेवलं आहे. शनिवारी मुळासकट काढून देणार.

८ मार्च, शनिवार

चादर वाया गेली. टब चुकला.

अजून काही लिहायचं नाही.

९ मार्च, रविवार, सकाळी

काल लिहिलं ते खरं नाही. वाचक एकच असला तरी त्याच्याशी खोटं बोलायचं म्हणजे फार झालं.

झालं ते असं. सकाळी चटईवाली स्वतः पाणकणीस घेऊन आली. मुळं, चिखल, वरचं तपकिरी कणीस, सगळं. हिने ते धुतलं, टिपलं आणि गच्चीवर अंथरलेल्या चादरीवर झोपवलं. वर पर्णाचार्यांनी खिडकीच्या जुन्या काचा दाबल्या. ऊन कडक होतं. माझे शर्ट रात्रभर सोड्यात होते. मी ते पिळून दोरीवर टाकत होतो. तेवढ्यात हिचा फोन वाजला. ओढ्यात यंत्र उतरवलं होतं. परवा सुनावणी, आणि आज ‘साफसफाई’. चटईवाली तशीच जिना उतरून धावली.

‘अहो, अजून दहा मिनिटांनी काचा उचला, वरचं सगळं काढा आणि चादर माझ्या टबात बुडवा. पाणी भरलेलं आहे. नुसती बुडवायची,’ ही म्हणाली, आणि पर्णाचार्यांबरोबर पळाली.

दहा मिनिटांनी मी काचा उचलल्या. पाणकणीस उचललं, त्याखालचा कसलासा पारदर्शक कागदही निघाला, तो बाजूला टाकला. माझं लक्ष तिकडे नव्हतं. कठड्यावरून रस्ता दिसतो. रस्त्यावर ही लंगडत पळत होती. चप्पल तुटली असावी. ती चप्पल पर्णाचार्यांच्या हातात होती. माझ्या बायकोची चप्पल, आणि ते ती छातीशी धरून पळत होते. आणि ही हसत होती. यंत्र ओढ्यात उतरलंय, सगळं उपटलं जातंय, आणि पळता पळता ही हसत होती.

चादर माझ्या हातात होती. दोन टब. दोन्हींतलं पाणी स्वच्छ दिसत होतं. जवळचा माझा. मी हात घातला. पाणी बुळबुळीत होतं.

मग चादर बुडवली.

निळं आलं. एक क्षण इतकं निळं, की मी घाबरलो. पाणकणसाची पाती पांढरी, मुळं पांढरी, आणि पात्यांच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत पांढरी अक्षरं. छापील. ओळींमागून ओळी. पहिली वाचली: ‘ओढा शहराच्या मागे नाही. शहर ओढ्याकडे पाठ करून बसलं आहे.’ दुसरी वाचेपर्यंत निळं जायला लागलं होतं. मी चादर ओढून काढली, टाकीजवळच्या टबात घातली, खळखळून धुतली, पुन्हा पाणी भरलं. उपयोग झाला नाही. मी मुठीत धरलेला एक कोपरा तेवढा निळा उरला. बाकी सगळं पिवळट.

त्या उन्हात उभा राहून मी माझा लेख वाचत होतो, आणि तो जात होता.

ही परत आली तेव्हा ओढ्यातलं निम्मं पाणकणीस यंत्राने ओढून काठावर टाकलं होतं. चादर पाहून ही खाली बसली. मी म्हटलं, टब चुकला. पर्णाचार्य म्हणाले, ‘घाईत होतं असं, सर.’ त्या माणसाने मला सांभाळून घ्यावं, हे फार जड गेलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

चहाच्या वेळी हिने विचारलं. चादरीची घडी मांडीवर होती.

‘टबात हात घातलात तेव्हा पाणी बुळबुळीत लागलं नाही?’

खोटं बोलायला पुरेसा वेळ होता.

‘लागलं.’

‘मग?’

‘मग बुडवली.’

हिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, ‘अक्षरं दिसली का?’

‘एक वाक्य वाचलं. बाकीचं गेलं.’

‘पाचही भाग होते. बारीक टाइप करून, पारदर्शक कागदावर. मास्तरांनी जागा मोजून लावले.’ हिने चादरीची कड सरळ केली. ‘तिसरा भाग तुमच्या फाइलीत नव्हताच. तुम्हीच कोणाला तरी दिला असणार. मास्तरांकडे होता. कॉलेजात असताना कापून ठेवला होता त्यांनी. त्यावरून तर त्यांनी ओढ्याचा अभ्यास धरला.’

मला तो पहिला दिवस आठवला. ‘सर, मी तुमचं...’ आणि मी चहा विचारला.

‘मला तुमचा राग आलाय,’ ही म्हणाली. ‘पण तो मी सुनावणी झाल्यावर करीन. आत्ता वेळ नाही.’

आणि उठून स्वयंपाकघरात गेली. पाहुणे आल्यावरच निघतं ते मोठं पातेलं तिने काढलं, भरलं, आणि चहापुडीचा सबंध डबा त्यात उपडा केला. मला वाटलं, पर्णाचार्य आणि त्यांचे विद्यार्थी यायचे असतील.

‘एवढा चहा कोणाला?’

‘चादरीला,’ ही म्हणाली. ‘डोळे मोठे करू नका, चाळण द्या.’

आत्ता चादर न्हाणीघरात त्या चहात बुडून बसली आहे. सकाळपर्यंत बघायचं नाही, असं ठरलं आहे. मी दोनदा पाहिलं.

१० मार्च, सोमवार

व्हरांडा लांब आणि उजेडाचा. दोन्ही भिंतींवर एकोणचाळीस निळे छापे, आणि अगदी दालनाच्या दाराशी, उंचावरून खाली सोडलेली चादर. काळपट तपकिरी. मधोमध पाणकणीस फिकट, दोन्ही बाजूंना माझे पाच भागही तसेच फिकट, चहाच्या रंगावर वाचता येतील असे. खालचा एक कोपरा निळा.

लोक निळ्यामधून चालत येत आणि तिथे थांबत. प्रत्येक जण. मी खांबाआड वही घेऊन उभा होतो. मी वार्ताहर, मला दोन्ही बाजू ऐकायच्या होत्या.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई दोन मिनिटं वाचत होत्या. ‘कोणी लिहिलंय हे? बरं लिहिलंय.’

ही म्हणाली, ‘लिहिणारे इथेच आहेत. पण आज ते कोणाच्याच बाजूचे नाहीत.’

मग चटईवाली पुढे झाली. तिला वाचता येत नाही. तिने चादरीवरचं पाणकणीस खालून वर हाताने चाचपलं आणि मुळाजवळ थांबली. ‘हे माझं. इथे वाकडं आहे बघा. गेल्या साली विळा बसला होता, तरी पुन्हा वर आलं.’ अधिकारी बाई वाकून बघायला लागल्या. अभियंते मागे उभे होते, त्यांनाही वाकावं लागलं. मग बाईंनी विचारलं, शनिवारी ओढ्यात यंत्र कोणाच्या सांगण्यावरून उतरलं. व्हरांड्यात कोणालाच आठवेना.

निर्णय: ओढ्यातल्या वनस्पतींची आणि तिथे राबणाऱ्या माणसांची रीतसर पाहणी होईपर्यंत स्लॅब नाही, यंत्रही नाही. पाहणीत पर्णाचार्य आणि चटईवाली दोघंही. थांबलं आहे, संपलं नाही. बारा वर्षांपूर्वी एवढंही झालं नव्हतं.

निघताना पर्णाचार्यांनी हिला विचारलं, ‘ताई, हा रंग अप्रतिम आलाय. नेमकं कसं केलंत? सोडा किती, वेळ किती? मी विद्यार्थ्यांना दाखवीन.’

मी खांबाआड आणखी सरकलो. ते सगळं सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं.

‘ते आमचं घरचं आहे, मास्तर,’ ही म्हणाली. ‘ते शिकवण्यासारखं नाही.’

पर्णाचार्यांनी वही मिटली. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला मत्सराच्या उलटं असं काही नाव असेल, तर ते मला शिकवलं गेलेलं नाही.

११ मार्च, मंगळवार

पाचव्या पानावर माझी बातमी, दीडशे शब्द. पहिल्या पानावर चादरीचं छायाचित्र. त्यात माझं वाक्य स्पष्ट वाचता येतं: ओढा शहराच्या मागे नाही, वगैरे. बारा वर्षांनी पहिल्या पानावर. नाव नाही. खाली फक्त छायाचित्रकाराचं. तो मुलगा चांगला आहे. सव्वीस वर्षांचा आहे. मी काही म्हणत नाही.

हिने ते पान कापलं आणि कुठून तरी माझी फाइल काढून त्यात लावलं.

‘माझ्या फाइलीत तुझी चादर?’

‘फाइल एकच आहे,’ ही म्हणाली. आणि ठरल्याप्रमाणे राग सुरू झाला.

१४ मार्च, शुक्रवार

राग चालू. बोलणं ‘मीठ’ आणि ‘दार लावा’ एवढंच. लेकीला सगळं सांगितलं गेलं आहे; तिने मला फोन केला आणि ‘बाबा’ एवढंच म्हणून ठेवला. तिच्याकडून लांब बोलणी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं.

काल ही एकच वाक्य बोलली. ‘तुम्ही मास्तरांवर जळत होता, असं तुम्हाला वाटतं.’

मी दीड दिवस त्याचा अर्थ लावतो आहे. वाक्यात काही अवघड नाही. मी त्यांच्यावरच जळत होतो. चप्पल त्यांच्याच हातात होती. मग ‘वाटतं’ कशाला? पलंगावर नवी चादर आहे, छापील फुलांची. मला आवडत नाही. झोप तिच्यावरही लागत नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळी ही गच्चीवर कागद वाळवत बसली होती. पाहणीसाठी अजून पन्नास छापे हवे आहेत. मी माझे शर्ट घेऊन गेलो. माझ्या टबाशी बसलो आणि सोड्याची पुडी तशीच ठेवून दिली.

‘काय झालं?’ हिने विचारलं. सहा दिवसांतला पहिला प्रश्न.

‘शर्ट राहू देत. तुला दोन टब लागतील ना, पन्नास म्हणजे.’

हिने सोड्याच्या पुडीकडे पाहिलं. मग घासणी माझ्याकडे फेकली. ‘नीट घासा. सोडा कडेला धरतो.’

‘छाप्यांखाली कोण काय लिहिणार आहे?’

‘मास्तर लॅटिन नावं लिहितील.’

‘आणि मराठी?’

‘बघू. कोणी बरा माणूस मिळाला तर.’ ब्रश हलत होता, मान वर नव्हती. ‘दोन ओळींत लिहायला लागेल. चारशे शब्द नकोत.’

मी टब घासला. आतून, बाहेरून, कडेच्या पन्हळीतून. पाणी ओतून दिलं, पुन्हा भरलं, पुन्हा घासला. रस्त्यावरून पर्णाचार्य येताना दिसले; आज दोन्ही मोजे एकाच रंगाचे होते, का कोण जाणे. मी तिसऱ्यांदा पाणी भरलं आणि बोट घालून तळ चाचपला.

‘झालं का हो?’ हिने विचारलं.

बोट कुठेच घसरत नव्हतं.

‘एकदा अजून धुतो,’ मी म्हटलं.